जावळाचं घोंगडं

१६ नोव्हेंबर, शिरूर
प्रदर्शनाचा पहिला दिवस. स्टॉल बचत गटांच्या रांगेत, अगदी टोकाला. डावीकडं पापड-लोणची, उजवीकडं गूळ. समोर ट्रॅक्टरवाले, त्यांचा स्पीकर सकाळपासून बोंबलतोय. आप्पांनी घोंगडी मांडून दिली आन् केंदूरला परत गेले. माग रिकामा राहिला की त्यांना करमत नाही. लोक येतात, घोंगडं दोन बोटांत चोळतात, म्हणतात टोचतं. अरे बाबांनो, मेंढराची लोकर आहे, टोचणारच की!
दुपारी वारं सुटलं, वरचं कापड उडालं. शेजारचा गूळवाला पळत आला आन् बांबू धरून उभा राहिला. मी सगळ्या जगाला दादा म्हणते. याला नुसतं थँक्यू म्हटलं. दादा तोंडातच राहिलं. का ते देवाला ठाऊक.

१८ नोव्हेंबर, शिरूर
गूळवाल्याचं गुऱ्हाळ दौंडच्या अंगाला, नदीकाठी. बागायतदार माणसं. तरी चहा स्वतः आणून देतो. आज म्हणतो, "मॅडम, माझ्या गुळाचे मुंगळे तुमच्या घोंगड्यात शिरले तर भरपाई मागू नका." मी म्हटलं, "मागणार. मुंगळ्यांच्या हजेरीसकट." असा हसला की पापडवाल्या काकू वळून बघायला लागल्या.
नाव इथं लिहायचं नाही. गूळवालाच बरा.

२० नोव्हेंबर, शिरूर
शेवटचा दिवस. गूळवाल्यानं माझं सामान गाडीत भरायला हात लावला. नंबर घेतला. मी दिला. दिला म्हणजे काय, त्यानं विचारायच्या आधी सांगून मोकळी झाले. बावळट मी.

२९ नोव्हें.
रोज मेसेज. सकाळी गुऱ्हाळाचा फोटो, वाफ निघतेय, तो काहिलीत दांडकं फिरवतोय. मी चरख्याचा पाठवला. तो म्हणाला, तुझा हात फार भरभर चालतो. आधी अहो-जाहो होतं, मधेच तुझा कधी झालं कळलं नाही. मी पण मग तू म्हटलं. काय व्हायचं ते होऊ दे.

७ डिसेंबर, केंदूर
आला. घरी आला! मित्रांबरोबर वढू बुद्रुकला समाधीच्या दर्शनाला आलेला, तिथनं एकटाच गाडी काढून इकडं. केंदूर काही त्याच्या वाटेत नाही.
आई गडबडून गेली. मटकीची उसळ, भाकरी. आवडीनं जेवला. आप्पा मागावर बसले होते, हा मागाच्या खड्ड्याच्या कडेला बसून सगळं विचारत राहिला, धाग्यांना देतात ती खळ कशाची, चिंचोका का, झाडायचा कुंचा कशाला. आप्पा सहसा बोलत नाहीत, आज बोलत होते.
निघताना अंगणात मला म्हणाला, "मला एक घोंगडं पाहिजे. जावळाचं. दोघं ऐसपैस बसतील एवढं. आन् सूत तूच काढायचं, दुसऱ्या कुणाचं नको."
"कधी पाहिजे?" एवढंच सुचलं.
"फेब्रुवारीच्या आत."
गाडीचा धुरळा खाली बसला तरी मी तिथंच. आईनं हाक मारली तवा भानावर आले.

८ डिसेंबर
सांगितलं दोघांना. लपवण्यासारखं काही राहिलंच नाही. कोकराची पहिली कातरण म्हणजे जावळ, मऊ लोण्यासारखं. आमच्यात ते विकायला काढत नाहीत. घरातल्या पोरीच्या नावानं ठेवतात, तिनं सूत काढायचं, बापानं विणायचं, लग्नात नवरा-नवरी त्यावर बसतात. जो पोरगा पोरीकडं जावळाचं मागतो त्यानं तिला मागितलं. वेगळं विचारत नाहीत.
आई आधी पदरानं डोळे पुसत बसली. मग म्हणाली, "आगं, ते बागायतदार पाटील, आपुन धनगर. त्येच्या घरचं काय म्हंत्याल?"
आप्पा म्हणाले, "त्येला रीत म्हायती हाय का पर?"
मी म्हटलं, "माहीत नसताना जावळ म्हणेल का कुणी? बाहेरच्या माणसाला तो शब्द तरी ठाऊक असतो का?"
आप्पांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "पेटी काढ."
माझं जावळ. मामाच्या मेंढरांचं, मी शाळेत असताना आईनं कडुनिंबाच्या पाल्यात घालून ठेवलेलं. पेटी उघडली तर वास तसाच.

१७ डिसेंबर
पिंजून झालं. सूत काढतेय. आप्पा येता-जाता बोटावर धागा घेऊन बघतात. आज म्हणाले, "येवढं बारीक तू कवा काडलं न्हाईस." मी काय सांगणार!

२६ डिसेंबर
त्याचा फोन. "कुठवर आलं? आई रोज विचारते घोंगड्याचं."
आई रोज विचारते!! म्हणजे घरी सांगितलंय. म्हणजे त्याची आई तयार आहे. मी आईला पळत जाऊन सांगितलं, ती पीठ मळत होती, तशाच हातानं माझा गाल धरला. गालाला पीठ.

४ जानेवारी
ताणा लावला. खळ दिली. आप्पा कुंच्यानं धागे झाडत होते, मी दुसऱ्या बाजूला. दिवसभर दोघं तेच करत होतो, इतकं बरं वाटत होतं.

१३ जाने.
घोंगडं मागावरून उतरलं. काळंभोर, कडेनं पांढरी किनार. अंगावर घेतलं, टोचत नाही.
काठाला धागे सुटे राहतात त्या दशा. एका बाजूच्या मी आन् आईनं पिळून गाठी मारल्या. दुसरी बाजू तशीच सोडली. ती पोराच्या आईनं बांधायची. आई म्हणाली, "तिनं हातानं बांदल्या म्हंजी पोरगी पदरात घेटली. कुठं बोलायची गरज ऱ्हात न्हाई."
त्या मोकळ्या दशांवरून हात फिरवत बसले.

१५ जाने.
घेऊन गेला. जीप घेऊन आलेला, गडबडीत होता. उलगडून बघितलं, म्हणाला, "लईच भारी झालंय." पैसे काढले. आप्पांनी हात जोडले, "जावळाचं पैसं घेत न्हाईत." तो गोंधळला, हसला, मग जीपमधून गुळाची अख्खी ढेप काढून ओट्यावर ठेवली. "मग हे तरी राहू द्या. तोंड गोड करा." आईच्या पाया पडला.
आणखी काय पाहिजे?
संध्याकाळी आईनं ढेप फोडली आन् आख्ख्या आळीत गूळ वाटला. कुणी विचारलं कशाचा, तर म्हणायची, "हाय जरा. कळंल." सगळ्यांना कळलं.

२२ जाने.
मेसेज कमी झालेत. गाळप जोरात असेल. मी पण उगं मागं लागत नाही.

३० जाने.
दशा बांधल्या का विचारावं वाटतं. कसं विचारणार? लाज वाटते. फोन हातात घेते आन् ठेवते.

५ फेब्रुवारी, दौंड
इथल्या प्रदर्शनाचा पहिला दिवस. या वेळी त्याचा स्टॉल लांब, ऊसवाल्यांच्या रांगेत. मी आईची मोरपंखी साडी नेसून आले. मूर्ख.
अकराच्या सुमारास तो आला. बरोबर एक मुलगी. गोरी, चष्मा, हातात नवी बांगडी. पिशवीत माझं घोंगडं.
म्हणाला, "ही प्राजक्ता. कुरकुंभला कंपनीत लॅबला असते." आन् पत्रिका पुढं केली. वर हळदीकुंकू लावलेलं. "सगळ्यांनी यायचं. आप्पांना तर आणायचंच."
चि. संग्राम. इतके दिवस इथं नाव लिहिलं नव्हतं, आता छापूनच आलं.
मी काय म्हटलं आठवत नाही. अभिनंदन म्हटलं असेल.
मग पिशवीतून घोंगडं काढून स्टॉलवर पसरलं. "हे बघ ना, या बाजूच्या दशा राहिल्यात. आई म्हणाली काम अर्धवट आहे, पोरीकडून बांधून आण. लग्नानंतर जागरण-गोंधळाला लागतंय. गोंधळीबुवांनीच सांगितलं, जावळाचं घ्या, जोडीनं त्याच्यावर बसा. मी म्हटलं, आपली शीतल आहे की."
गोंधळीबुवांनी. म्हणजे शब्द तिथनं आला. मी केवढ्या तोऱ्यात आप्पांना सांगितलं होतं!
प्राजक्ता हात फिरवत होती. म्हणाली, "ताई, किती मऊ आहे हो! मला वाटलं टोचेल."
वाईट असती तर बरं झालं असतं. शिव्या तरी देता आल्या असत्या.
"उद्या न्या," म्हटलं मी. परत अहो-जाहो. त्याच्या ध्यानात आलं नाही.

५ फेब्रु., घरी
आईला सांगितलं. ती कपाळाला हात लावून खाली बसली. "मी आळीभर गूळ वाटला गं. काय केलं मी हे." तिला कसं समजवू? ती रडतेय गुळासाठी, मी रडतेय कशासाठी तेच नीट सांगता येत नाही. तो काही खोटं बोलला नाही. एकदासुद्धा नाही. शोधून शोधून दमले, एक वाक्य खोटं सापडेना.
मग तो केंदूरला का आला? तूच सूत काढ का म्हणाला? सगळ्या गिऱ्हाइकांना असंच म्हणतात का?
आप्पा मागावर जाऊन बसले. विणत नव्हते. मी गेले तर म्हणाले, "मीच म्हनलो पेटी काढ. रीत म्हायती हाय का त्येला, ह्ये त्येलाच इचारायचं सोडून तुला इचारलं."
मी म्हटलं, "आप्पा, असं नका बोलू."
म्हणाले, "उंद्या मी येतो दौंडला."

६ फेब्रुवारी, दौंड
आप्पा स्वच्छ धोतर, फेटा बांधून आले. स्टॉलवर टेकलेसुद्धा नाहीत, सरळ ऊसवाल्यांच्या रांगेकडं. मी मागून, "आप्पा, नको, आप्पा." लोकांपुढं ओरडता पण येईना.
लांबून दिसत होते. आप्पा बोलत होते, शांतपणे, गिऱ्हाइकाला घोंगड्याचं सांगतात तसं. तो आधी हसत होता. मग हातातला गूळ खाली ठेवला. मग नुसता उभा.
परत आले. "काय बोललात?"
"रीत सांगितली. दुसरं काय न्हाई."
"तो काय म्हणाला?"
"खाली बगत व्हता." मग म्हणाले, "पोरगं खोटं न्हाई गं. त्येला खरंच ठावं नव्हतं." मी पाणी दिलं. साडेबाराच्या एसटीनं गेले.
पापडवाल्या काकू इथं पण शेजारीच आहेत. काही विचारलं नाही बाईनं, डबा उघडून पुढं सरकवला. भाकरीचा तुकडा मोडला, तसाच परत ठेवला.

तीन वाजता
गिऱ्हाईक नाही. घोंगडं मांडीवर घेतलंय. काम घेतलंय तर पुरं करायचं, आप्पांच्या मागावरनं अर्धवट माल कधी गेला नाही. एक एक दशा पिळायची, गाठ मारायची. माझ्या लग्नाचं घोंगडं, सासूच्या बाजूच्या गाठी मीच मारतेय. कुणाला सांगितलं तर हसतील. एक बाई येऊन म्हणाली, "अय्या, हाताने करता का हो सगळं?" मी म्हटलं, होय ताई, सगळं हातानंच करतो. मग रडायलाच आलं, ती बिचारी घाबरून निघून गेली.

साडेचार
अर्ध्या बांधून झाल्या. आत्ता मोबाईल वाजला.
"दशा बांधू नको."
एवढंच. पुढं काही नाही. टायपिंग टायपिंग दिसत होतं, मग ते पण गेलं.
का नको? त्याची आई बांधणार म्हणून? प्राजक्तासाठी? का त्याला हे घोंगडंच नको आता, लाज वाटते म्हणून? का...
नाही. ते लिहायचं नाही. घरात मांडव पडायची वेळ आली त्याच्या. ती पोरगी मला ताई म्हणून गेली.
पण लिहिलं का मग? संग्राम, का लिहिलंस? दोन महिने आधी कुठं गेला होतास रे?
काकू म्हणतात, आवरायला घे, सहाला लाईट घालवतात. उठून त्याच्या स्टॉलकडं बघितलं. गुळाला गर्दी आहे, माणसांच्या आडून तो दिसत नाही. या गाठी पिळाच्या, ओल्या हातानं मारलेल्या, सोडायच्या म्हटल्या तर आत्ताच सुटतील. उद्यापर्यंत वाळल्या की सुटत नाहीत.
घोंगडं अजून मांडीवरच आहे.