जुना दोर कधी सोडायचा

३ एप्रिल २००३, दिंडोरी
बागेतली द्राक्षं उतरली, आता कडेच्या सिल्व्हर ओकचे शेंडे उतरवायचे. वाऱ्याला आडोसा म्हणून लावलेली रांग, आता बागेवरच सावली धरते. सातपूरच्या कंपनीत फिटर होतो, ती बंद पडून वर्ष झालं. बेचाळिसाव्या वर्षी झाडावर चढायला शिकतोय. मंदा म्हणते, "स्टुलावर चढून बल्ब बदलताना पाय लटपटतात तुमचे." खरं आहे. म्हणून सध्या खालीच. शिकवणारा काशीदादा, पेठकडचा, टोळीत वर जाणारा एकटाच. मला नावाने हाक मारत नाही. फिटर म्हणतो.

५ एप्रिल
एकदा चढलं की दर झाडाला उतरायचं नाही. एका बाजूला द्राक्षांच्या मांडवाचे लोखंडी अँगल आणि तारा, दुसऱ्या बाजूला काट्याचं कुंपण. वरच्या वर पुढच्या झाडावर जायचं. जुना दोर कमरेला असतोच, डोक्यावरच्या बेचक्यातून खाली गेलेलं त्याचं दुसरं टोक खालच्या माणसाने बुंध्याला वेढा देऊन धरलेलं. नवा दोर वाळूची पिशवी बांधून पुढच्या झाडाच्या बेचक्यात फेकायचा, टोक ओढून तेही कमरेला. मग नव्यावर अंग टाकून तीन हिसके, फांदी टिकते का बघायला. वरून "सोड" आलं की खालच्याने जुना ढिला करायचा.
"दोन नाय, तीन," दादा म्हणाला. "सिल्वर लय ठिसूळ झाड. पयल्या दोनला गप ऱ्हातं."
खालचा म्हणजे मी.

९ एप्रिल
आज पहिल्यांदा वर. नव्या दोरावर अंग टाकवेना. दादा शेजारच्या फांदीवर बसून हसला. "दोन दोर कमरेला असून घाबरनारा तू पयलाच, फिटर." मीही हसलो. उतरलो.

१७ एप्रिल
दादा पडला. पुढचं नंतर.

१९ एप्रिल
लिहून टाकतो, निदान इथे तरी. सकाळचे अकरा, नववं झाड. दादाने पहिला हिसका दिला, दुसरा दिला. फांदी भक्कम दिसली. वाटलं, वेढा आधीच मोकळा करून ठेवू, तेवढाच वेळ वाचेल. कंपनीत हीच माझी हुशारी समजायचे. वेढा सोडला. तिसऱ्या हिसक्याला बेचकं फाटलं. जुना दोर माझ्या तळव्यातून सरसरत गेला. दादा पाठीवर, अँगलवर.
"सोड" आलं नव्हतं.

२२ एप्रिल
दवाखाना. कमरेखाली काही कळत नाही त्याला. डॉक्टर म्हणाले, आशा धरू नका. मुकादमाने विचारलं तेव्हा दादा म्हणाला, "मीच सोड म्हनलो. फिटरची चूक नाय." माझ्याकडे बघितलंही नाही. मला वाचवायला खोटं बोलला, की खरंच तसं आठवतंय त्याला? मी तिथेच उभा होतो. तोंड उघडलं नाही. लाज वाटते.

३ मे
दादाला गावी नेलं. उद्या जाऊन सांगणार. त्यालाही, त्याच्या बायकोलाही, सखूवहिनीला.

४ मे
जीप, मग तासभर चाल. दादा अंगणात बाजेवर. त्याने दोर मागवला, बाजेच्या एका खुरापासून दुसऱ्या खुरापर्यंत बांधून मला सगळं पहिल्यापासून शिकवलं. आता वर जाणारा मीच म्हणे. वहिनी चहा घेऊन आली. "हाताला काय झालं, भाऊ?" दोर घासला, म्हणालो. तेवढंच. आलो परत.

१५ मे
वहिनी कामावर आली. "घरी बसून चूल कशी पेटंल?" मुकादमाने तिच्या हातात खालचा दोर दिला. माझा. चढलो, नवा दोर टाकला, तीन हिसके दिले. खालून आवाज: "सोडू का?"
नको म्हणालो. उतरलो, काट्यांतून जाऊन पुढच्या झाडावर जमिनीवरून चढलो. दिवसभर असंच.

२१ मे
एकदाही "सोड" म्हणालो नाही. पोटऱ्या सोलल्यात, मुकादम वैतागलाय. वहिनी मात्र दोर धरते ती पाय बुंध्याला रोवून, नजर वरून हलत नाही. जेवताना म्हणाली, "तुमी घाबरू नका. तुमच्या तोंडून आल्याबिगर मी सोडायची नाय. ह्यांनी लय येळा बजावलंय."
भाकरी खाली ठेवली. विचारलं, "दादा आणखी काय म्हणाला?"
"आनखी काय?" म्हणाली, आणि भाकरीचं फडकं गुंडाळून उठली.
म्हणजे दादाला सगळं आठवतंय.

२६ मे
एकच झाड राहिलं. मोजणीत ते शेजाऱ्याच्या हद्दीत गेलं. झाड आमच्या मालकाचं, जमीन त्याची. शेजारी म्हणतो, शेंडा काढा, पण माझ्या जमिनीला पाय लावायचा नाही. दोघेही हट्टाला पेटलेत. मुकादमाने मला सांगितलं, "उद्या वरच्या वर जा, नायतर परवापासून येऊ नको."
मंदाला आज सगळं सांगितलं. ती म्हणाली, "वहिनींना कळलं तर त्या दोर धरतील?"

२७ मे, सकाळ
सहाची एसटी आहे. चढायच्या आधी वहिनीला सांगायचं. सांगणारच असं लिहीत नाही, तीन मेलाही लिहिलं होतं. सांगितलं तर तिने दोर टाकून निघून जावं, तिचा हक्क आहे. नाही सांगितलं तर तीन हिसके देईन, ती खालून विचारेल, आणि मला त्या बाईला "सोड" म्हणावं लागेल. मंदाने डबा भरलाय.