युगोस्लाव्हियाची पाटी

नोव्हाय, मिशिगन
रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

ती. दादास,
केदारचा नमस्कार.

इकडे वीणा आणि आन्या ठीक आहेत. थंडी सुरू झाली. तुझ्या गुडघ्याला आराम पडावा, हे देवाजवळ रोजचं मागणं आहेच.

शुक्रवारी सकाळी पूजा उरकून लवकर ऑफिसला गेलो आणि टेबलांवर पाट्या लावत बसलो. आमच्याकडे वर्षातून एकदा प्रत्येकाने आपल्या देशाचा पदार्थ घरून करून आणायचा असतो. पाट्यांचं काम माझ्याकडे. माझ्या डावीकडे झोरान बसतो, तो सर्बियाचा. उजवीकडे बेसनिक, कोसोव्होचा. सर्बिया कोसोव्होला देशच मानत नाही. एकमेकांकडे राजदूत नाहीत, बोलणी तिसऱ्याच्या मध्यस्थीने चालतात. मध्यंतरी तर सीमेवर गाडीच्या नंबरप्लेटवरचं दुसऱ्याचं चिन्ह स्टिकरने झाकावं लागायचं.

आमच्या ऑफिसात तो तिसरा मी.

"केदार, त्याला सांग, गाडी नीट लाव."

"केदार, त्याला सांग, नीटच लावलीय."

मध्ये फक्त माझी खुर्ची. दोघांनाही ऐकू येतं, तरी मी सांगायचं. खरंच वीट आलाय रे.

आता पाटीवर काय लिहू? कोसोव्हो लिहिलं तर झोरान रागावणार, गाळलं तर बेसनिक. तेव्हा आपल्या शाळेच्या भिंतीवरचा नकाशा आठवला. त्यात तिथे एकच देश होता. मी दोघांची भांडी शेजारी ठेवली आणि एकच पाटी लावली, 'युगोस्लाव्हिया'. वाद मिटवल्याचं समाधानही वाटलं.

दोघं आले, पाटी वाचली.

"हा देश मोडून किती वर्षं झाली?" झोरानने विचारलं. मला नाही, बेसनिकला.

"याच्या शाळेत अजून असेल," बेसनिक म्हणाला.

झोरान हसला. मग म्हणाला, "तुझं भांडं सरकव. माझ्या कोबीला चिकटलंय."

"तुझा कोबी आला माझ्याकडे. तूच सरकव."

भांडले, दादा, पण थेट भांडले. कोणी मला म्हणालं नाही की त्याला सांग. मी मार्कर हातात धरून उभा होतो आणि माझी कुणाला गरज नव्हती.

घरी येताना गाडीत मला राग आला तो त्यांचा नाही, तुम्हा दोघांचा.

सुचित्राताई कोरेगावात, आपल्या गावाहून एसटीने अर्ध्या तासावर. आईच्या ऑपरेशननंतर तिने तिला परस्पर आपल्या घरी नेलं आणि तू म्हणालास, "इथे काय उपाशी ठेवली असती?" आई पुढे तुझ्याकडे परतली, पण ताईचं तुझी पायरी चढणं तेव्हापासून बंद. आईच्या गोळ्या बदलल्या की तू मला सांगतोस, मी ताईला. आईला लोणचं चालेल का, हे ती मला विचारते, मी तुला. अर्ध्या तासाच्या वाटेवरचा निरोप अमेरिकेला वळसा घालून जातो. आणि दोघांच्या तोंडचे कडू शब्द मी वाटेत काढून टाकतो, म्हणून तुमचं हे असं निवांत चाललंय.

मागच्या रविवारचा व्हिडिओ कॉल तुला आठवत असेल. तू विषय बदललास, मीही बदलला. वीणाचा चेहरा बघून आई म्हणाली, "कोण, सुचित्रा का?"

"नाही आई, मी वीणा."

"बरं. सुचित्रा आली की मला उठव."

तू मागेच उभा होतास.

काल ताईला फोन केला. म्हटलं, जा. ती म्हणाली, "आधी दादाला विचार."

म्हटलं, "मी नाही विचारणार. तू त्याची बहीण आहेस, तू जाऊन विचार."

मग म्हणाली, "रिकाम्या हाताने कशी जाऊ?"

म्हणून या पाकिटावर तुझा पत्ता नाही, तिचा आहे. तुमचे इतके निरोप मी पोचवले, माझा हा एक तिने पोचवलाय. म्हणजे आत्ता ती तुझ्या दारात उभी आहे. पत्र बाजूला ठेव आणि तिला आत घे. आई झोपली असेल तर उठव.

यापुढे कुणाचाच निरोप न नेणारा,
तुझा धाकटा भाऊ
केदार