दुपारची तनू

१२ जानेवारी
पोचले बाई एकदाची कॉव्हेंट्रीला. श्रीकांतचं घर छान आहे हो, खाली बैठक आणि वर तीन खोल्या. मागची खोली माझ्या नातीची, तनूची. विमानतळावर तिने मला उचललंच, म्हणाली आजी तू किती क्यूट आहे. डब्यातलं मेतकूट सांडलं नाही, तेही बरं झालं. ही वही श्रीकांतने दिली. म्हणाला, आई, दिवसभर आम्ही कुणी नसू, तू लिहीत बस. मी चौथीपर्यंतच शिकलेली, पण अक्षर वळणदार आहे असं नीना म्हणाली. सून असून म्हणाली, म्हणजे खरंच असणार. रेडिएटरला पाय टेकून लिहितेय. फार आनंदात आहे.

१५ जानेवारी
नीना लेस्टरच्या हॉस्पिटलात जाते, श्रीकांत कंपनीत, तनू कॉलेजात. मग घरात मी आणि फ्रिज. समोरच्या खिडकीत एक म्हातारी बसलेली असते. तिला हात केला तर तिने पडदा ओढला. थंडी वाजली असेल.
तनूची परीक्षा आहे, युनिक्सची, म्हणजे कम्प्युटरला हुकूम द्यायची. ते कागदावर लिहायचं नसतं, सरांसमोर मशीनवर करून दाखवायचं. मागच्या वेळी नापास झाली, आता झाली तर कोर्समधून नाव काढतील. पोर जेवतही नाही धड. म्हटलं, मी घेते तुझा पाठ. श्रीकांतचे पाढे मीच घेतलेत, कागद माझ्या हातात आणि उत्तर त्याच्या तोंडात. श्रीकांतने प्रश्न मराठीत लिहून दिले, फोल्डर बनव, फाइल शोध, मशीनमध्ये कोण कोण आत आहे ते दाखव, असे. मी विचारायचं, तिने काळ्या पडद्यावर टाइप करायचं. बरोबर आलं की मशीन गप्प, चुकलं की टुंग. म्हटलं, अगदी आमच्या सासूबाई.

१८ जानेवारी
तनू एकाच ठिकाणी अडते. फाइलचं नाव बदलायला आणि ती दुसरीकडे हलवायला कमांड, म्हणजे हुकूम, म्हणे एकच. मी म्हटलं, त्यात काय, लग्नात नाही का, नाव बदललं की घरही बदललं. खूप हसली. पण घोळ असा आहे, की ज्या नावाने ठेवायचं त्या नावाचं तिथे आधीच काही असेल, तर ते जुनं पुसलं जातं. विचारत नाही, सांगत नाही. तनू तेच विसरते आणि स्वतःचंच काम घालवून बसते.
जेवताना कानात गाण्यांची पांढरी बोंडं घालते. मी बोललेलं ऐकू येत नाही तिला.

२१ जानेवारी
आज गंमत झाली. दुपारी एकटीच बसले होते, करमेना, म्हणून प्रश्न मोठ्याने म्हणत होते. फोल्डर बनव, म्हटलं, आणि वर मागच्या खोलीत मशीनच्या कळा वाजल्या, खडखड. वाटलं, तनू लवकर आली. जिना चढून गेले तर खोली रिकामी, पडद्यावर अक्षरं. पुढचा प्रश्न विचारला तर माझ्यासमोर कळा आपोआप खाली-वर झाल्या. एकदासुद्धा टुंग नाही.
श्रीकांत म्हणाला, हल्ली लांबून चालवता येतं आई, कॉलेजातून कुणी करत असेल, तू हात लावू नकोस. मी कशाला लावते हात.

२३ जानेवारी
आता रोज दुपारी तीच आणि मी. मी विचारते, ती करते. मध्येच आमच्या बार्शीच्या गोष्टी सांगते, तर कळा हळू हळू वाजतात, हुंकार दिल्यासारख्या. नाव काय घ्यायचं हिचं? हाकेला काहीतरी हवं, म्हणून तनूच म्हणायला लागले. कंटाळत नाही, कानात बोंडं नाहीत. आज बोलूनही गेले, की तूच माझी नात असतीस तर किती बरं झालं असतं.

२५ जानेवारी
तनू रडत आली. कॉलेजचं दार तिच्या कार्डाने उघडेना. तिचा पासवर्ड चालेना, या नावाची व्यक्ती आधीच आत आहे म्हणतं मशीन. श्रीकांत म्हणाला, कम्प्युटरची चूक, दोन दिवसांत नीट करतील. नीनाने तिला ताट वाढलंच नाही. विसरले म्हणाली. एकुलत्या एका मुलीचं ताट.
मला त्या जुन्या पुसलेल्या फाइलची आठवण झाली. कुणाला सांगू — हसतील.

२७ जानेवारी
आज प्रश्न विचारले नाहीत. तोंड मिटून बसले. तरी कळा वाजत होत्या. मग थांबल्या आणि जिन्यात पावलं. मी म्हटलं, तू तनू नाहीस, मी चुकून म्हटलं, जा तू. वरून आजी अशी हाक आली. तिच्याच आवाजात —
संध्याकाळी तनू घरी आली तेव्हा तिला घट्ट धरून बसले. हाताला फार हलकी लागली.

२८ जानेवारी. परीक्षा
सकाळी खाली आली ती माझ्याजवळ बसली. बोंडं नाहीत. दोन थालीपिठं खाल्ली. माझ्या बार्शीच्या बहिणीची चौकशी केली, नावासकट. ते नाव मी फक्त दुपारीच —
श्रीकांत म्हणाला, आज कशी फ्रेश दिसतेय पोरगी. नीनाने तिची पापी घेतली. दोघं गेले कामाला.
ही दारात बूट घालतेय. बस यायचीय.

वर कळा वाजताहेत.
टुंग.
परत टुंग. तीच चूक. रोज करते तीच —
माझी तनू त्या मशीनच्या आत आहे.

तनू म्हणून हाक मारली तर ओ देते ती ही, दारातली. वरून नाही येत. नाव हिच्याकडे गेलंय. म्हणून प्रश्नच विचारतेय, मोठ्याने. विचारलं की वर कळा वाजतात. पण दर वेळी हळू —

ही म्हणते, आजी, विचारू नकोस, तू थांबलीस की ती पण थांबेल, मग मी आहेच की तुझ्याजवळ, दिवसभर.

बूट काढून ठेवले तिने. बस गेली. शेजारी येऊन बसलीय, वहीत बघतेय. हात उबदार आहे तिचा —

टुंग. विचारते गं, विचारते, तू थांबू नकोस. फाइल शोध. फोल्डर बनव. टुंग. चुकू दे, तू चुकत राहा, मी आहे — ही प्रश्नांचा कागद ओढतेय — पाठ आहेत मला सगळे, कोण कोण आत आहे ते दाख