थरथर किती ठेवायची

तीर्थरूप बाबा,

तुम्हाला आणि आईला नमस्कार. मी बरी आहे. खोलीत ऊन येतं, जेवणही वेळेवर होतं. आईला म्हणावं, उगाच जीवाला घोर लावून घेऊ नकोस.

तुम्ही विचारलंत, दिवसभर कॉम्प्युटरवर करतेस तरी काय. छपाईसाठी नव्या वळणाची अक्षरं काढते. गुळगुळीत अक्षरांचा आता लोकांना कंटाळा आलाय. यंदा सगळ्यांना ब्रशने रंगवल्यासारखी अक्षरं हवीत. म्हणून तुम्ही रंगवलेल्या पाट्यांचे फोटो समोर ठेवून मी ती काढली. शिरोरेषा तुमच्यासारखीच सगळ्यात शेवटी, श्वास रोखून ओढली. ऑफिसात शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, माउस धरायला श्वास कशाला रोखतेस?

साहेबांना अक्षरं आवडली. फक्त म्हणाले, फार सरळ आलीत, माणसाचा हात वाटत नाही. त्यासाठी स्क्रीनवर एक बटण असतं, ते सरकवलं की रेघ थरथरते. त्यांनी सरकवलं आणि तुमची शिरोरेषा माझ्या डोळ्यांदेखत हलायला लागली. सगळे छान म्हणाले. मी पाणी प्यायला उठले.

बाबा, डॉक्टरांकडे जाऊन आलात का? आई सांगत होती, हल्ली कप दोन्ही हातांनी धरता. परवा एक पाटी अर्धी सोडून घरी आलात, हेही तीच म्हणाली. तिच्यावर रागावू नका.

मागची दोन्ही पत्रं तिच्या अक्षरात आली. आता तुम्ही लिहा. रेघ हलली तर हलू द्या. सरळ रेघा मी इथे ढिगाने पाहते.

तुमची,
धाकटी