डाव्या पायडलचा आवाज

प्रिय उतावळ्या,

या नावाने चिडशील, पण पत्र फाडू नकोस, आधी वाच. रोज सकाळी तू लेकीला मागे कॅरिअरवर बसवून माझ्या दुकानासमोरून जातोस, मान मुद्दाम पलीकडे वळवून. तोंड दिसत नाही, पण सायकल ऐकू येते. हल्ली डावा पाय खाली गेला की दर फेऱ्याला 'कट्' वाजतं. काल तर पायडल तुझ्या पायाखालून निसटल्यासारखं झालं. पुढे शाळेचा उतार आहे. कालपासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

माझ्याकडे यायला नको म्हणून क्रँक, म्हणजे पायडलाचा दांडा, तू घरीच बसवलास, हे बघताक्षणी कळलं. दोन्ही पायडलं एका रेषेत नाहीत. क्रँक जागेवर धरून ठेवणाऱ्या कॉटर पिना तू एकाच बाजूने ठोकल्यास. एकीचा नट वर असेल तेव्हा दुसरीचा खाली हवा. आपलं लग्न ठरलं होतं तेव्हा बाबांच्या दुकानात मी हेच शिकवत होते, आणि तुझं लक्ष माझ्या काळ्या नखांकडे. हातोडा तेवढा लक्षात राहिला. तरी खात्री करून घे. डावा क्रँक धरून हलव. उजवाही सोबत डगडगला तर आतलं बेअरिंग सैल आहे. डावा एकटाच हलला तर कॉटर गेली. मग नट कितीही आवळ, ती धरणार नाही, नवीच घालावी लागेल.

तुझ्या आईला ग्रीसने माखलेल्या हातांची सून नको होती आणि तू मूग गिळून बसलास. त्याचा राग मला अजून येतो. पण तो तुझ्यामाझ्यातला आहे, त्यात तिसऱ्या कुणाचं हाडबीड मोडायला नको.

तुझी लेक मला रोज हात करते. तुझ्या पाठीमागून, तुझ्या नकळत. काल हात करायला तिने तुझा शर्ट सोडला आणि नेमकं तेव्हाच ते पायडल निसटलं. पोरगी कॅरिअरवरून अर्धी कलंडली, कशीबशी सावरली, आणि तुला पत्ताच नाही. म्हणून हे पाकीट न चिकटवता तुझ्या बायकोच्या हाती देतेय, सोबत नव्या पिना. तिनेही वाचावं. सायकल हव्या त्या दुकानात ने, माझ्याकडे आणू नकोस. पण उद्या लेकीला चालत ने. मग तिने मला खुशाल दोन्ही हात हलवून दाखवावेत.

एकेकाळची तुझीच,
सायकलवाली