निळ्या पिंपातला शार्क

रविवार, संध्याकाळ

मी पिंपं भरायला लागले की हे टीव्हीसमोरून ओरडायचे, “अगं, निळ्या पिंपात आधी बघ की, शार्क असंल!” चार दिवसांआड नळ येणाऱ्या सोलापुरात शार्क! मी चिडायचे. यांचा शार्कचा सिनेमा सुरू झाला की पुस्तक घेऊन आत जायचे.

हे गेल्यापासून तसला सिनेमा लावलाच नव्हता. आज लावला. शार्क उडी मारून आख्खी बस गिळतो! मी मोठ्यानं हसले आणि दचकले. यांच्याशिवाय हसले? पण इतकं खोटं संकट बघून जीव हलका होतो, हे त्यांना केव्हाच कळलं होतं. मला आज.

सोमवार. नळ आला. निळं पिंप भरताना शेजारच्या सुमनताईंना ओरडून सांगितलं, “जपून हं, शार्क असंल!”