वरची खुर्ची

४ फेब्रुवारी
आज पुन्हा क्रेनचा हुक हवेत लटकून राहिला. खाली सळ्यांचा भारा बांधून आम्ही वर बघत उभे. वॉकीटॉकीवर विचारलं तर क्रेन चालवणारे मामा, उंच बसतात म्हणून सगळ्यांचे घारमामा, म्हणाले, "थांब जरा." एवढंच. मुकादम म्हणतो, म्हातारा वर झोपा काढतो.
झोपत नाहीत. आमच्याकडे पाठ करून उभे असतात, मला खालून दिसतं. एवढ्या उंचावरून लघवीला सारखं कोण उतरणार, म्हणून सगळेच ऑपरेटर वर रिकामी बाटली नेतात. पण मामांना एवढा वेळ का लागतो?

६ फेब्रुवारी
मुकादम म्हणाला, "क्रेनचा परवाना झालाय ना तुझा? मग तयार राहा. घार थकली आता." बरं वाटलं. खाली उभं राहून क्रेनला इशारे करत हात हलवायचा कंटाळा आलाय. शहरात आल्यापासून किती कामं धरली, किती सोडली! वर बसायला मिळालं तर टिकेन बहुतेक.
आईचा फोन. बाबा हल्ली चिडचिड करतात. आत्याकडच्या लग्नालाही गेले नाहीत. बसचा प्रवास नको म्हणाले. वय झालं, दुसरं काय.

९ फेब्रुवारी
जेवताना मामांपुढे पाणी ठेवलं, त्यांनी सरकवलं. नंतर मला पाइपांच्या ढिगामागे नेलं आणि सगळं सांगून टाकलं. लघवी सुरूच होत नाही लवकर. झाली तर धार बारीक. संपली म्हणून वळावं तर पुन्हा लागते. रात्रभर उठबस. मामींना वाटतं साखर असेल. मामांना वाटतं कॅन्सर. म्हणून पाणी पिणंच तोडलंय.
"उद्या दवाखान्यात चल. एकटा गेलो तर दारातूनच परत येईन."
मीच का? तर म्हणे, तू कुणाशी बोलत नाहीस. ते खरंय. मी या वहीतच काय ते बोलतो.

१० फेब्रुवारी
डॉक्टर माझ्या भावापेक्षा लहान दिसतो. आधी सोनोग्राफी, मग लघवी करून या, मग पुन्हा सोनोग्राफी. आत किती उरते ते बघायला. पुढच्या तपासणीला मला बाहेर काढलं. परत आत बोलावलं तेव्हा मामांचे कान लाल. "काय केलं ते विचारू नकोस." नाही विचारलं. टेबलावरचे रबरी हातमोजे मी बघितले होते.
डॉक्टरने कागदावर काढून दाखवलं. मूत्राशयाच्या तोंडाशी प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते, अक्रोडाएवढी. लघवीची नळी तिच्या मधून जाते. वय झालं की बहुतेक पुरुषांची ती वाढते आणि नळी आवळते. हाताला कडक काही लागलं नाही, साधीच वाढ वाटते, तरी रक्त तपासू. पाणी तोडायचं नाही, झोपायच्या आधी कमी प्यायचं. सर्दीची गोळी मनाने घ्यायची नाही, लघवी पार अडकू शकते.
रात्री घ्यायला एक गोळी दिली. तिने तिथले स्नायू सैल पडतात. "उठताना चक्कर येऊ शकते, सावकाश उठा. काम काय करता?"
मामा म्हणाले, "बसूनच असतं."
खोटं नाही. खुर्चीच आहे. ती वीस मजल्यांवर आहे एवढं सांगितलं नाही. मीही नाही.

१५ फेब्रुवारी
रक्ताचा रिपोर्ट चांगला आला. मामा सगळ्यांना चहा पाजत होते, कशाचा ते कुणालाच कळलं नाही. धार पण सुधारलीय म्हणे. हुक थांबत नाही.

१७ फेब्रुवारी
सकाळी मामा शिडी चढताना मध्येच थांबले. दोन्ही हातांनी शिडी कवटाळली, कपाळ लोखंडाला टेकवलं. मी खाली. काय करावं सुचेना — ओरडलो तर दचकतील. मग चढले हळूहळू. वॉकीटॉकीवर विचारलं तर, "दम खात होतो. तोंड बंद ठेव."
दिवसभर डोक्यावरून काँक्रीटच्या बादल्या जात होत्या.
मुकादमाला सांगितलं तर उद्याच मामा खाली आणि मी वर. सगळे म्हणतील, खुर्चीसाठी केलं. म्हणू देत म्हटलं, तरी ते अगदीच खोटं नाही, खुर्ची मला हवीच आहे!

१८ फेब्रुवारी
मुकादमाकडे गेलो नाही. डॉक्टरकडे गेलो. खुर्ची कुठे आहे ते सांगितलं. त्याने पेन खाली ठेवलं आणि माझ्यासमोरच मामांना फोन लावला. ही गोळी घेऊन शिडी चढायची नाही. दुसरी एक गोळी ग्रंथी लहान करते, पण तिला महिने लागतात, आणि तुमची लघवी आत फार साठते, किडनीवर ताण येईल. त्यापेक्षा दुर्बिणीतून ऑपरेशन करू. बाहेरून कापाकापी नाही, लघवीच्याच वाटेने जाऊन आतला वाढलेला भाग काढतात. मग काही आठवडे चढायचं नाही, उचलायचं नाही.
संध्याकाळी मामा भेटले. "खुर्ची हवी होती तर मागायची होतीस."
हेल्मेट उचलून निघून गेले.

१९ फेब्रुवारी
मामांनी मुकादमाला गुडघा दुखतो म्हणून सांगितलं. मी वर. खुर्चीवर मामींनी शिवलेली उशी होती. तिच्यावर बसवेना. बाजूला ठेवली. खालची माणसं ओळखू येत नाहीत इथून, फक्त हेल्मेटं.

२७ फेब्रुवारी
ऑपरेशन झालं. भेटायला गेलो. लघवीची नळी लावलेली, पिशवीत गुलाबी पाणी. मामी म्हणाल्या, थोडे दिवस असंच दिसेल. मामांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.
मी उठायला लागलो तेव्हा म्हणाले, "काम संपलं की हुक वर घेऊन, क्रेनचा हात मोकळा सोडतोस ना? वाऱ्याबरोबर फिरायला?"
हो म्हटलं.
"उशी टाकली नाहीस ना?"
नाही म्हटलं.
मामी पाणी आणायला गेल्या तशी हळूच म्हणाले, "बाकी सगळं जागेवर राहतं म्हणाला डॉक्टर. फक्त एक बारीक फरक — जाऊ दे, तुझं लग्न झालं की विचार."

२० मार्च
मामा साइटवर आले. वर चढायला अजून परवानगी नाही, म्हणून खाली माझ्या जागी उभे राहिले. वर बघत, मला दाखवून दाखवून अख्खी बाटली पाणी प्यायले. साइटचा साहेब म्हणाला, खुर्ची आता तुलाच कायमची देतो, उद्या सांग.
दुपारी मामा वॉकीटॉकीवर ओरडले, "हुक का थांबला रे?"
विचार करत होतो. बाबा लग्नाला गेले नाहीत. बस नको म्हणतात. चिडचिड करतात.

२१ मार्च
बाबांना फोन केला. आमचं बोलणं म्हणजे कसा आहेस, बरा आहे. आज सरळ विचारलं, रात्री किती वेळा उठता?
ते म्हणाले, "तुला कुणी सांगितलं?"
उशी परत खुर्चीवर ठेवली. साहेबाला सांगितलं, खुर्ची मामांचीच, ते चढेपर्यंत दुसरा कुणी बघा. मी घरी निघालोय, बाबांना दवाखान्यात न्यायला.